मेंदूतला रेणू, प्रोस्टेटचा नकाशा

१९८७ साली दोन शोधनिबंध छापून आले. पहिला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. मायकेल रॉबिन्सन, रँडी ब्लेकली, जोसेफ कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या मेंदूत एक नवं एन्झाइम आढळलं होतं. मेंदूत असणारा एक छोटासा आम्लधर्मी रेणू ते मधोमध तोडत होतं. दुसरा निबंध ज्युलियस होरोझेविच यांच्या गटाचा. त्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींना नेमकं जाऊन चिकटणारं एक प्रतिपिंड तयार केलं होतं. ते प्रतिपिंड पेशीतल्या कुठल्या प्रथिनाला धरतंय, याचा उलगडा अजून व्हायचा होता. मेंदूचं रसायनशास्त्र करणारी मंडळी प्रोस्टेटच्या कर्करोगावरची नियतकालिकं सहसा उघडत नाहीत, आणि तिकडची मंडळी इकडची. त्यामुळे दोन्ही गट एकाच प्रथिनाशी झगडत होते हे कळायला आणखी नऊ वर्षं गेली.

आज प्रोस्टेटचा कर्करोग पसरलाय का हे पाहायला डॉक्टर ‘पीएसएमए पेट स्कॅन’ लिहून देतात. त्यातलं पीएसएमए म्हणजे हेच प्रथिन. स्कॅनसाठी टोचलं जाणारं किरणोत्सारी औषध ज्या रेणूच्या बेतावर रचलंय, तो रेणू मात्र मेंदूतला आहे आणि अजूनही बराचसा उपेक्षित आहे. त्याचं पूर्ण नाव एन-ॲसिटिलअस्पार्टिलग्लुटामेट. प्रयोगशाळेत त्याला एनएएजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आधी त्याची घडण पाहू. प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांतली अस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल ही दोन उघडउघड आम्लधर्मी. प्रत्येक अमिनो आम्लाला एक अमिनो टोक आणि एक कार्बोक्सिल टोक असतंच. या दोघांना बाजूच्या साखळीवर आणखी एक कार्बोक्सिल गट असतो. ग्लुटामिक आम्ल १८६६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल हाइनरिख रिटहाउझेन यांनी गव्हातल्या ग्लुटेनमधून वेगळं केलं. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्याची खास चव त्याच्यामुळेच येते हे दाखवलं, आणि त्यातून पुढे अजिनोमोटो बाजारात आलं. मेंदूत हेच ग्लुटामेट चेतापेशींना उत्तेजित करणारा मुख्य संदेशवाहक आहे. चायनीजच्या गाडीवर मिळणारी पांढरी पूड आणि विचार करण्याच्या कामी येणारा रेणू एकच आहे, हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

अस्पार्टिक आम्लाचं कार्बोक्सिल टोक ग्लुटामिक आम्लाच्या अमिनो टोकाला जोडलं की पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि दोघांत पेप्टाइड बंध तयार होतो. दोन अमिनो आम्लांचा म्हणून हा डायपेप्टाइड. एनएएजीत अस्पार्टिक आम्लाच्या मोकळ्या अमिनो टोकावर ॲसिटिल गटही बसवलेला असतो. हे टोपण वरवर किरकोळ दिसतं, पण रेणूचा सगळा स्वभाव त्यानेच ठरतो. एरवी शरीरातल्या पाण्यात अमिनो टोकावर धनप्रभार असतो. ॲसिटिल गट बसला की तो प्रभार उरत नाही. मागे राहतात तीन कार्बोक्सिल गट, आणि रक्ताच्या किंवा मेंदूतल्या द्रवाच्या ७.४ या पीएचला तिघांचेही प्रोटॉन निघून गेलेले असतात. म्हणजे तीन ऋणप्रभार, आणि त्यांना तोलायला एकही धनप्रभार नाही. सूत्र सी११एच१६एन२ओ८, रेणुभार साधारण ३०४. इतक्या लहान अंगात इतका ऋणप्रभार असलेला रेणू पेशीच्या तेलकट आवरणातून आपोआप आरपार जाऊ शकत नाही. त्याला आत घ्यायचं, बाहेर सोडायचं किंवा नष्ट करायचं तर प्रत्येक वेळी एखादं प्रथिन मदतीला लागतं. पुढची सगळी गोष्ट याच एका अडचणीतून निघते.

एनएएजीचा धाकटा भाऊ आधी सापडला. १९५६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हॅरिस टॅलन, स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन मांजराच्या ऊतींमधल्या अमिनो आम्लांची मोजदाद करत होते. मेंदूत त्यांना एन-ॲसिटिलअस्पार्टेट, म्हणजे एनएए, भरपूर प्रमाणात मिळालं. (यातल्या मूर आणि स्टाइन यांना पुढे १९७२ मध्ये नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.) नऊ वर्षांनी, १९६५ मध्ये, इटलीतल्या कुरातोलो आणि सहकाऱ्यांनी चेताऊतींमध्ये एनएएला ग्लुटामेट जोडलेला हा डायपेप्टाइडही असल्याचं दाखवलं. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्या सर्ल कंपनीत जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट चाटलं आणि अस्पार्टिक आम्लापासूनच बनलेला दुसरा एक डायपेप्टाइड त्यांच्या जिभेला गोड लागला. तो अस्पार्टेम, आज डाएट कोल्ड्रिंकच्या बऱ्याच बाटल्यांवर ज्याचं नाव असतं. त्याला बाजार मिळाला. एनएएजीच्या वाट्याला पुढची वीसेक वर्षं जवळपास कोणी आलं नाही.

हे दुर्लक्ष प्रमाणाकडे पाहिलं तर अनाकलनीय वाटतं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत संदेश वाहणाऱ्या पेप्टाइडांमध्ये एनएएजी सर्वांत मुबलक आहे. माणसाच्या मेंदूत लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिमोल, राखाडी भागापेक्षा पांढऱ्या भागात जास्त. उंदरांच्या मज्जारज्जूत तर मेंदूहूनही अधिक. बाकीची बहुतेक न्यूरोपेप्टाइडं याच्या हजारोव्या हिश्श्यातही नसतात. मला वाटतं, मुबलकपणाच त्याला नडला. जे सगळीकडे इतकं पसरलंय ते चयापचयातलं काहीतरी कच्चं सामान असणार, असा समज होता. संदेशवाहक कसा मोजका असावा, नेमक्या जागी असावा. आणि पेप्टाइड म्हणजे एन्डॉर्फिनसारखी बरीच अमिनो आम्लं असलेली, रुबाबदार नावाची साखळी असावी. दोन अमिनो आम्लांच्या या जोडीकडे कोण बघणार?

शिवाय त्याचा जन्मही चारचौघांसारखा नाही. इतर न्यूरोपेप्टाइडं जनुकावरून एका लांब प्रथिनाच्या रूपात रायबोसोमवर विणली जातात आणि मग तुकडे होऊन कामाला लागतात. एनएएजीला स्वतःचं असं जनुकच नाही. एक एन्झाइम एटीपी खर्चून एनएए आणि ग्लुटामेट थेट जोडून टाकतं. ते एन्झाइम नक्की कोणतं, हे २०१० साली कळलं, म्हणजे रेणू सापडल्यावर ४५ वर्षांनी. युरोपातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रिमकेएलए आणि रिमकेएलबी अशी दोन एन्झाइमं हे काम करतात. त्यांचं घराणं जिवाणूंपर्यंत पोहोचतं. ई. कोलाय जिवाणूतलं रिमके हे एन्झाइम रायबोसोमच्या एका प्रथिनाच्या शेपटीला ग्लुटामेटची माळ जोडत असतं. ग्लुटामेट चिकटवण्याची ती जुनी कला उत्क्रांतीने मेंदूत वेगळ्या कामाला लावली. तयार झालेलं एनएएजी चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या छोट्या पुटिकांमध्ये भरण्याचं काम सायलिन नावाचं प्रथिन करतं, हे २०१३ मध्ये समजलं. सायलिन बिघडलं की साल्ला रोग होतो. फिनलंडमधल्या एका गावाच्या नावाने ओळखला जाणारा, मुलांच्या वाढीवर घाला घालणारा हा दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्या रुग्णांच्या मेंदूजलात एनएएजी वाढलेलं आढळतं.

आता त्याचं काम. चेतापेशी जोरात, लागोपाठ संदेश पाठवू लागली की ग्लुटामेटबरोबर एनएएजीही बाहेर पडतं. ग्लुटामेटचे ग्राही अनेक. एनएएजीला त्यातला एकच विशेष भावतो, एमग्लुआर३. जॉर्जटाउन विद्यापीठात जोसेफ नील यांच्या गटाने आयुष्याचा मोठा भाग यावर घालवला आणि १९९० च्या दशकात ही निवड दाखवून दिली. एमग्लुआर३ हा शांत करणारा ग्राही. तो जागा झाला की चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू घटतो, आणि ग्राही जर संदेश सोडणाऱ्या टोकावरच असेल तर तिथून पुढचं ग्लुटामेट सुटणं मंदावतं. हाच ग्राही ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींवरही असतो. तिथे तो जागा झाला की त्या पेशी चेतापेशींचं रक्षण करणारे घटक सोडतात. थोडक्यात, आवाज फार चढला तर तो खाली आणण्याची सोय संदेशाबरोबरच पाठवलेली असते.

पण गंमत पुढे आहे. ॲस्ट्रोसाइटच्या बाहेरच्या आवरणावर ते एन्झाइम बसलेलं असतं, रॉबिन्सन आणि कॉयल यांना १९८७ मध्ये सापडलेलं. ते एनएएजी तोडतं. तुकडे दोनच: एक एनएए आणि दुसरं मोकळं ग्लुटामेट. ग्लुटामेट थांबवायला आलेला निरोप वाचून झाल्यावर त्यातूनच ग्लुटामेट बाहेर पडतं. निरोगी मेंदूत हे चालून जातं, कारण ॲस्ट्रोसाइट मोकळं ग्लुटामेट लगेच शोषून घेतात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, डोक्याला जबर मार बसला, तर शोषून घेण्याची ताकद उरत नाही. ग्लुटामेट साचतं, चेतापेशी उत्तेजनेनेच मरू लागतात. अशा वेळी एन्झाइम रोखलं तर दुहेरी फायदा व्हायला हवा: शांत करणारं एनएएजी टिकेल आणि त्यातून सुटणारं ग्लुटामेट कमी होईल. १९९९ मध्ये बार्बरा स्लशर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. मेंदूची रक्तवाहिनी बंद केलेल्या उंदरांना २-पीएमपीए नावाचं, एन्झाइमला घट्ट धरणारं संयुग दिलं आणि मेंदूचं नुकसान कमी झालं.

सगळं इतकं नीटनेटकं होतं असं मात्र नाही. २००० नंतर काही प्रयोगशाळांना एनएएजी स्वतः एमग्लुआर३ ला जागं करतं याबद्दलच शंका आली. बाजारात मिळणाऱ्या एनएएजीच्या बाटलीत अगदी किंचित मोकळं ग्लुटामेट भेसळीसारखं राहिलेलं असतं. ग्लुटामेट त्या ग्राहीवर एनएएजीच्या कितीतरी पट जोरकस. तेव्हा प्रयोगात दिसलेला परिणाम त्या किंचितशा अंशाचाच तर नाही ना? शुद्ध केलेल्या एनएएजीने परिणाम दिसत नाही असं एका बाजूने छापलं. नील यांच्या गटाने शुद्ध रेणू वापरून, वेगळ्या रचनेच्या पेशी घेऊन परिणाम दिसतो असं उत्तर दिलं.  मेंदूच्या विज्ञानात एखाद्या बाटलीची शुद्धता किती मोठ्या प्रश्नाला हात घालू शकते, याचं हे उत्तम उदाहरण म्हणून मला हा वाद लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

प्रत्यक्ष माणसाच्या मेंदूत एनएएजी बघायचं तर एमआरआय यंत्रातच स्पेक्ट्रोस्कोपी करतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या तपासणी केंद्रांतून मिळणाऱ्या अशा अहवालात शिखरांचा एक आलेख असतो. खालच्या पट्टीवर ३.२ च्या आसपास कोलीन, ३.० ला क्रिएटिन, आणि उजवीकडे सगळ्यांत उंच, टोकदार शिखर २.०२ ला. त्या शिखरावर ‘एनएए’ लिहिलेलं असतं आणि डॉक्टर त्याला चेतापेशींच्या तब्येतीची खूण मानतात. गाठ असेल, पेशी मेल्या असतील, तर ते शिखर खचतं. त्या शिखराच्या डाव्या खांद्यावर, २.०४ ला, एक अगदी बारीक फुगवटा दडलेला असतो. तोच एनएएजी. दोघांचा ॲसिटिल गट एकच असल्याने त्यांचे संकेत जवळजवळ एकमेकांवर पडतात. रोजच्या तपासणीत ते वेगळे काढत नाहीत, दोघांची बेरीज एनएएच्या नावावर जमा होते.

आता प्रोस्टेटकडे वळू. होरोझेविच यांचं प्रतिपिंड ज्या पेशींवर तयार झालं, त्या एलएनसीएपी नावाच्या पेशी बफेलो शहरात १९७७ मध्ये एका रुग्णाच्या लसीकाग्रंथीतल्या गाठीतून घेऊन वाढवलेल्या. १९९३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात इस्रायली, हेस्टन, फेअर आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंड ज्याला धरतं त्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. ७५० अमिनो आम्लांचं प्रथिन: १९ पेशीच्या आत, २४ आवरणात रुतलेली, उरलेली ७०७ बाहेर लोंबती. नाव पडलं पीएसएमए, म्हणजे केवळ प्रोस्टेटच्या पेशींच्या आवरणावरचा प्रतिजन. ते काम काय करतं, याचा पत्ता नव्हता. इकडे कॉयल यांचा गट आपल्या एन्झाइमचं जनुक उंदराच्या मेंदूतून शोधत होता. सापडलेला क्रम माहितीसाठ्यातल्या क्रमांशी ताडून पाहिला, तर तो पीएसएमएशी जुळला. १९९६ मध्ये कार्टर, फेल्डमन आणि कॉयल यांनी जाहीर केलं की प्रोस्टेटचं पीएसएमए एनएएजी तोडतं, आणि मेंदूतलं एन्झाइम ज्या औषधांनी थांबतं त्यांनीच तेही थांबतं.

त्याच वर्षी पिंटो आणि सहकाऱ्यांनी पीएसएमए फोलेटवरही काम करतं हे दाखवलं, आणि पुढे त्याला तिसरा पत्ता मिळाला: लहान आतडं. मेथी, पालक, हरभरा यांतलं फोलेट बहुतांशी ग्लुटामेटची लांब शेपटी असलेल्या रूपात असतं, आणि तसंच्या तसं आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. आतड्याच्या भिंतीवर हेच प्रथिन त्या शेपटीतलं एकेक ग्लुटामेट छाटतं आणि शेवटी एक उरलं की फोलेट शोषलं जातं. गोळीतल्या फॉलिक आम्लाला मुळात एकच ग्लुटामेट असतं, म्हणून त्याला ही छाटणी लागत नाही. मेंदूत एक बंध तोडायचा, आतड्यात वेगळ्याच धाटणीचा. एन्झाइमला त्याचं काही नाही. त्याला शेवटचं ग्लुटामेट ओळखू आलं की पुरे. म्हणून आता त्याचं अधिकृत नाव ग्लुटामेट कार्बोक्सिपेप्टिडेज २. नावातला ‘केवळ प्रोस्टेट’ चुकीचा निघाला, पण रुग्णालयांत पीएसएमएच रुळलं.

हे ग्लुटामेट ओळखणं कसं होतं ते २००५-०६ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने दिसलं. प्रथिनाच्या पोटात एक खोल बोगदा आहे आणि तळाशी जस्ताचे दोन आयन शेजारी-शेजारी बसलेत. त्यांच्या एका बाजूला ग्लुटामेटसाठी खोबण: आर्जिनिन २१० आणि लायसिन ६९९ (आकडे म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले क्रमांक) हे धनप्रभारित अवयव ग्लुटामेटच्या दोन्ही कार्बोक्सिल गटांना पकडतात. दुसऱ्या बाजूला, अस्पार्टेटच्या कार्बोक्सिलच्या स्वागताला तीन आर्जिनिनांचा जथ्था. एनएएजीचे तिन्ही ऋणप्रभार जणू मोजून घेतलेले. रेणू आत बसला की पेप्टाइड बंधाचा कार्बन नेमका जस्तांच्या पुढ्यात येतो. दोन जस्तांमध्ये पाण्याचा एक रेणू अडकवून ठेवलेला असतो. शेजारचं ग्लुटामेट ४२४ त्याचा प्रोटॉन काढून घेतं, उरलेला हायड्रॉक्साइड त्या कार्बनवर तुटून पडतो, क्षणभर कार्बनला चार बाजूंनी बंध असलेली अवघडलेली अवस्था तयार होते, ४२४ ने घेतलेला प्रोटॉन नायट्रोजनकडे सोपवला जातो आणि बंध सुटतो. ग्लुटामेट मोकळं.

२-पीएमपीए यातली ती चौबंधी अवघडलेली अवस्था फॉस्फरसच्या मदतीने कायमची धरून ठेवतं. म्हणूनच ते इतकं प्रभावी. रसायनशास्त्रज्ञ ॲलन कोझिकोव्स्की यांनी २००१ मध्ये जॉर्जटाउनला दुसरी वाट काढली. त्यांनी दोन अमिनो आम्लांच्या मधे पेप्टाइड बंधाऐवजी यूरियाचा सांधा घातला. एका बाजूला ग्लुटामेट, मधे कार्बोनिल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन. दोन्हीकडून इलेक्ट्रॉनांची रसद मिळाल्यामुळे तो कार्बन हायड्रॉक्साइडला दाद देत नाही. एन्झाइम ग्लुटामेटचं टोक ओळखून रेणू आत घेतं आणि मग माशाचा काटा घशात रुतावा तसा तो तिथेच राहतो. हे संयुग मेंदूसाठी केलेलं होतं. मात्र जॉन्स हॉपकिन्समध्ये किरणोत्सारी प्रतिमांवर काम करणारे मार्टिन पॉम्पर यांनी त्यात दुसरी शक्यता पाहिली: जे एन्झाइमला इतकं घट्ट धरतं त्यावर किरणोत्सारी अणू लावला, तर एन्झाइम कुठे-कुठे आहे ते दिसेल. आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात, विशेषतः आक्रमक कर्करोगात, पेशींच्या आवरणावर ते विलक्षण वाढतं.

याआधी १९९६ मध्ये होरोझेविच यांच्या प्रतिपिंडावर आधारलेला स्कॅन अमेरिकेत मंजूर झाला होता, पण त्यात गोम होती. ते प्रतिपिंड प्रथिनाचा पेशीच्या आत असलेला छोटा तुकडा ओळखतं. जिवंत पेशीत ते शिरू शकत नाही, त्यामुळे मुख्यतः मरत असलेल्या पेशी दिसत. यूरियावाला छोटा रेणू बाहेरच्या ७०७ अमिनो आम्लांच्या भागावर, सरळ जस्तापाशी जातो, आणि पकडला गेल्यावर पेशी त्याला प्रथिनासकट आत ओढून घेते. ग्लुटामेट-यूरिया-लायसिन हा सांगाडा पक्का झाला, कारण लायसिनच्या लांब साखळीला किरणोत्सारी धातू धरणारा पिंजरा सोयीने टांगता येतो. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या गटाने गॅलियम-६८ असलेलं पीएसएमए-११ आणि पुढे उपचारासाठीचं पीएसएमए-६१७ घडवलं. पीएसएमए-११ ला डिसेंबर २०२० मध्ये, तर ल्युटेशियम-१७७ लावलेल्या पीएसएमए-६१७ ला मार्च २०२२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. ज्या ‘व्हिजन’ चाचणीवर ही दुसरी परवानगी बेतली होती, त्यात इतर उपचार थकलेले ८३१ रुग्ण होते. आयुर्मानाचा मध्यांक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला. चार महिने. आकडा लहान आहे, पण दुसरे पर्याय संपलेल्यांसाठीचा आहे.

भारतात हा उपचार त्या परवानगीच्या बऱ्याच आधीपासून होत होता. मुंबईत त्याला एक खास आधार आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून चालणारी ध्रुव अणुभट्टी आहे. समृद्ध केलेलं ल्युटेशियम-१७६ तिच्यात ठेवून न्यूट्रॉनांचा मारा केला की ल्युटेशियम-१७७ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त, म्हणजे बनवून, शुद्ध करून, रुग्णालयात पोहोचवायला पुरेसं. त्यातून निघणारे बीटा किरण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे गाठीच्या पेशी मरतात आणि शेजारच्यांना तुलनेने कमी झळ लागते. परळला टाटा रुग्णालयाला लागून असलेल्या भाभा केंद्राच्याच विकिरण औषध केंद्रात प्रोस्टेटच्या रुग्णांना हा उपचार मिळतो. परदेशातल्या मंजूर औषधाची किंमत ऐकली की ध्रुवचं मोल समजतं.

पीएसएमए स्कॅन जवळून पाहिला तर या प्रथिनाचे बरेच पत्ते एकाच चित्रात दिसतात. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, सगळे लखलखीत. उपचार घेणाऱ्या रुग्णांचं तोंड कोरडं पडतं ते त्यामुळेच: लाळग्रंथीही औषध ओढून घेतात. पोटात महाधमनीच्या शेजारी अश्रूच्या आकाराचे दोन पुसट ठिपके बऱ्याच स्कॅनवर दिसतात. सुरुवातीच्या काळात ते कर्करोग पसरलेल्या लसीकाग्रंथी समजले जायचे. प्रत्यक्षात ते सीलियाक गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे गोळे. डॉक्टर प्रोस्टेट शोधायला निघाले आणि त्यांना चेतासंस्था भेटली.

मेंदू मात्र या चित्रात काळा. एन्झाइम तिथे भरपूर आहे, तरी औषध पोहोचत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ऋणप्रभारित रेणूंना आत सोडत नाही, आणि यूरियावाल्या औषधाने एनएएजीकडून ग्लुटामेटचे दोन्ही कार्बोक्सिल जसेच्या तसे घेतलेत. प्रोस्टेटच्या रुग्णाला ही सोयच झाली, मेंदूला किरणं लागत नाहीत. मेंदूचा आजार बरा करायचा म्हटलं तर हीच गोष्ट आडवी येते. २-पीएमपीए उंदरांवर कितीतरी आजारांत उपयोगी पडलं, पण तोंडावाटे घेण्याजोगं नाही आणि मेंदूत फार थोडं शिरतं. दुसरं एक संयुग, २-एमपीपीए, तोंडावाटे घेता येतं. येल विद्यापीठातल्या ॲमी आर्न्स्टेन यांच्या गटाने ते म्हाताऱ्या माकडांना देऊन पाहिलं तेव्हा त्यांची कार्यस्मृती सुधारली. कपाळामागच्या ज्या भागात आपण एखादी गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवतो, तिथे एमग्लुआर३ चेतापेशींची ती धरून ठेवण्याची ताकद वाढवतो, असं याच गटाचं म्हणणं. स्किझोफ्रेनियाच्या जनुकीय अभ्यासांतही एमग्लुआर३ चं जनुक पुन्हापुन्हा वर येतं.

तेव्हा औषध-रसायनशास्त्रज्ञांपुढचा पेच असा आहे: खोबणीत बसायचं तर ग्लुटामेटचे कार्बोक्सिल उघडे हवेत, भिंत ओलांडायची तर ते झाकलेले हवेत. सध्या त्यावर दोन वाटा चाचपल्या जातायत. एक म्हणजे कार्बोक्सिलवर एस्टरची टोपणं चढवायची, जी आत गेल्यावर शरीरातली एन्झाइमं उतरवतील. अडचण अशी की ही टोपणं बऱ्याचदा रक्तातच, वेळेआधी उतरतात. दुसरी वाट नाकाची. नाकाच्या वरच्या भागातून घ्राणचेतांच्या आधाराने २-पीएमपीए मेंदूत पोहोचवण्याचे प्रयोग उंदरांवर आणि माकडांवर झाले आहेत.